लिफ्टवालीचे पाच सीझन

मंगळवार, ४ जून

नातीचं फर्मान आलं! फोनवर म्हणाली, "आजी, लिफ्टवालीच्या सगळ्या सीझनना नंबर लावून दे. मैत्रिणींशी भांडण जुंपलंय. तू म्हणशील ते फायनल." चौथी शिकलेल्या बाईला परीक्षक केलं की हो! गंमत वाटली. म्हणजे — वाटायला हवी होती. हे गेल्यापासून असंच चाललंय. गंमत कुठे आहे ते कळतं, वाटत मात्र नाही. दात काढताना सुई देतात ना, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं.

लिफ्टवाली म्हणजे आमची भुताची मालिका. एक बाई लिफ्टमध्ये अडकून मेली, ती दर सीझनला नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उगवते. चार सीझन आम्ही दोघांनी सोफ्यावर बसून पाहिले. पाचवा आला त्याच आठवड्यात हे गेले. तो तसाच राहिलाय.

बुधवार, ५ जून

पाहिलेल्या चारांना नंबर लावले. पहिला नंबर दुसऱ्या सीझनला, तो हॉस्पिटलातला. तिसरा सगळ्यात शेवटी. त्यात तिचं लग्न काढलंय — भुताला कसलं आलंय सासर! उरलेले दोन मधे.

नात म्हणते, "हॉस्पिटलच्या आरशातला तिचा चेहरा कसला भारी होता ना!" तो चेहरा मी बघितलेलाच नाही! कुठल्याच सीझनमधला नाही. हे "मीट" म्हणायचे, मी डोळे मिटायची. "उघड" म्हणाले की उघडायची. वेळ कधी चुकली नाही. विचारलं, तुम्हाला आधी कसं कळतं? तर म्हणे, "अगं, संगीतावरून कळतं." यांना आणि संगीतातलं! साधी शिट्टी सुरात वाजवता येत नव्हती.

म्हणजे मी नंबर लावले ते न बघताच. आता सगळं पुन्हा बघते, डोळे उघडे ठेवून.

शनिवार, ८ जून

पहिला सीझन काल झाला, आज हॉस्पिटलवाला बघितला. चेहरा आला. पांढरी पावडर, फिसकटलेलं काजळ. माझी धाकटी नणंद तिच्या लग्नात थेट अशीच दिसत होती. एवढ्यासाठी मी यांचा दंड ओरबाडायची?

भीती वाटली नाही. हसूही आलं नाही. मधेच दूध उतू गेलं, सून धावत आली. "आई, वास नाही का आला?" आला होता.

ती हळूच म्हणाली, "आई, एकदा रडून घ्या." घेईन की. कुठून आणू?

रविवार, ९ जून

तिसरा झाला. चौथा झाला. काही नाही.

गुरुवार, १३ जून

यांचे भागीदार आले होते. दोघांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. यांचा चष्मा आणि जेवणाचा डबा द्यायला आले. डबा घासून आणला होता बिचाऱ्यांनी.

मी चहा ओतत होते तर ते म्हणाले, "वहिनी, हसू नका हं. दुपारी डबा खाताना ते फोनवर भुताचं बघायचे. आणि घाबरायचे किती! एकदा पंख्याचं पातं टाकून बाहेर पळाले. मी म्हटलं, झेपत नाही तर बघता कशाला? तर म्हणाले, संध्याकाळी हिच्याबरोबर बघायचंय. 'मीट' कुठे म्हणायचं ते आधी बघून ठेवतो."

मी ओततच राहिले. कप भरला, बशी भरली, ट्रे भरला.

"वहिनी, चहा!"

चपला घालताना त्यांना आठवलं. "शेवटच्या दिवशी नवीन काहीतरी लावलं होतं, पहिलाच भाग. म्हणाले, लाल छत्री दिसली की हिला सांगायला हवं."

संगीतावरून म्हणे! लबाड.

शुक्रवार, १४ जून

पाचवा लावला. लिफ्टचं दार उघडलं, कोपऱ्यात लाल छत्री — आणि मी डोळे गच्च मिटले! छाती अशी धडधडली, उशीच कवटाळली. "उघड" म्हणायला कुणी नव्हतं. भाग संपेपर्यंत तशीच बसले, भोकाड पसरून. सून पदराला हात पुसत आली, शेजारी बसली.

चेहरा बघितला नाही. बघणारही नाही.

नातीला कळवलं — पाचवा पहिला. फायनल.