आखाडीच्या आधीचं रक्त

राजापेठ, अमरावती
१८ ऑगस्ट २०२५

सौ. मैनाबाई विहीणबाईंस,
सा. न. वि. वि. काल आमच्या योगेशच्या बाबांनी खुशीले तुमच्या दारात सोडलं अन् चहाही न घेता परतले, त्याचं तुमाले वाईट वाटलं असंन. फोनवर हे बोलायसारखं नाही. तुमच्या घरी स्पीकर लावून सारे आयकत बसतात, म्हणून लिहून राहिली.

लग्नाच्या आठव्या दिवशी तुमच्या पोरीले नाजूक जागी फोड उठले होते. तवाच डॉक्टरनं हर्पिसचं रक्त तपासलं, ते साफ निघालं. मी देवीची ओटी भरली. मग आखाडीच्या सणाले तुमी तिले माहेरी नेलं, चांगली पंधरा दिवस ठेवून घेतली. परत आली तर पुन्हा फोड. आता रक्तात हर्पिस निघाला. आमच्या घरून साफ गेलेली सून तुमच्या घरून बिघडून आली, याचा अर्थ मी सांगावा काय? तुमच्या मळ्यात तो गोपाल फुलं तोडायले रोज येते, एवढंच म्हणते.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. सून कुठं हाय म्हणून अख्खी गल्ली विचारन. काय सांगू, कप्पाळ? आमचा लोभ होता, तो तुमच्या पोरीनं घालवला.

माणिकबाई

अकोला
२४ ऑगस्ट २०२५

सौ. माणिकबाईंस,
मैनाबाईचा नमस्कार. तुमचं पत्र खुशीनंच मले वाचून दाखवलं. गोपालची ओळ तिनं दोनदा वाचली.

मी तिले इथल्या डॉक्टरबाईकडे नेलं. दोन्ही रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या की ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूसंग लढाले अंगात जे तयार होते, ते शोधते. ते तयार व्हायले कित्येक आठवडे लागतात, कोणाकोणाले तीन-चार महिने. नव्या लागणीत आठव्या दिवशी रक्त देलं तर ते बहुतेक साफच येते. तवा फोडातलं पाणी तपासाले पाहिजे होतं, ते कोणी केलं नाही. आताचा आकडा काठावरचा असता तर तोही खोटा निघू शकला असता, म्हणून बाईंनी दुसऱ्या लॅबमधून पुन्हा तपासला. पक्का हाय. औषध हाय, लय लोकांले असते, घाबराचं काम नाही असंही म्हणाल्या.

रक्त कोणाचं नाव सांगत नाही, हे मलेही समजते. पण पहिले फोड तुमच्या घरात उठले, आखाडीच्या किती आधी! ऊन लागलं म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी तुमीच पाजलं ना? अन् गोपाल माझ्या भावाचा पोरगा. लग्नात खुशीचा भाऊ म्हणून कानपिळीचा शर्ट तुमच्या योगेशनं त्यालेच देला होता. काही लाज वाटू द्या वो बाई.

आता योगेशचं रक्त तपासा. लोभ असावा म्हणाले जीभ वळत नाही.

मैनाबाई

राजापेठ, अमरावती
३० ऑगस्ट २०२५

सौ. मैनाबाईंस,
माझ्या लेकाचं रक्त पाहिजे काय? घ्या! संग झेरॉक्स हाय. त्यानं लग्नाच्या आधीच तपासून ठेवलं होतं. मित्रांसंग गोव्याले गेला होता, तिथून आल्याबरोबर, हळदीच्या आधी, आपल्या मनानं लॅबमध्ये गेला. हर्पिस नाही, काहीच नाही. असा जबाबदार पोरगा दिवा घेऊन शोधा. पाठवू नको म्हणत होता, भोळा हाय बिचारा. मीच कपाटातून काढला.

आता तुमच्या डॉक्टरबाईले दाखवा अन् पोरीले खरं विचारा. लोभाचं पुढं पाहू.

माणिकबाई

अकोला
४ सप्टेंबर २०२५

माणिकबाई,
झेरॉक्स मिळाली. तारीख २८ एप्रिल, लग्न ४ मेचं. गोव्याहून आल्याबरोबर घेतलेलं रक्त. तेही साफ, खुशीच्या पहिल्या रक्तासारखंच घाईचं. डॉक्टरबाईले दाखवाची मले गरज पडली नाही.

अवो बाई, माझा एक भाऊ, दोन दीर, तीन मोठे जवाई. हळदीच्या आधी हे रक्त तपासाले यातला कोणी गेला नाही. ज्याले काही शंकाच नाही तो काहून जाईन? तुमचा योगेश पाठवू नको म्हणत होता, तो भोळा म्हणून नाही. हा कागद काय बोलते, ते त्याले समजत होतं. तुमाले समजलं नाही. तुमची मले कीव येते, पण राग त्याहून जास्त येते.

खुशीनं तारीख पाहिली. उठून शेवंतीले पाणी द्यायले गेली. बऱ्याच वेळानं आली अन् म्हणाली की मी आता सासरी जात नाही. मी तिले आग्रह केला नाही.

त्याचा रिपोर्ट साफ आला, त्यानं निःश्वास टाकला अन् हळद लावून घेतली. त्या हळदीले झेंडू माझ्याच मळ्यातला होता. गल्लीनं विचारलं, सून कुठं हाय, तर हे पत्र वाचून दाखवा. आपल्याले काही झालं असंन याचं भेव त्याले होतं, लॅबवाल्याले सांगाची हिंमतही होती. फक्त जिच्या गळ्यात माळ घालाची होती, तिले त्यानं सांगतलं नाही.

तुमचा लोभ तुमच्याच घरी राहो.

खुशीची माय