तिचे थेंब परत फिरले

४ ऑगस्ट, तुमसर
रोहिणीला जमलं. कॉलेजातून आलो तर बायको टेबलावरून उठलीच नाही, नुसता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर पाण्याचे दोन थेंब समोरासमोर येतात, चपटे होतात, आणि उसळून परत फिरतात. "पाहा न जी," म्हणाली. पाहिलं. परत पाहिलं. "बरं आहे," म्हटलं आणि हातपाय धुवायला गेलो.

५ ऑगस्ट
माझे कधी उसळले नाहीत. पीएचडीची सगळी वर्षं याच प्रश्नात गेली. प्रयोगात थेंब ठरावीक वेगाला एकमेकांवर आदळून मागे जायचे, माझ्या कोडमध्ये दरवेळी एकच होऊन बसायचे. दोघांमधला हवेचा थर गणिताच्या जाळीतल्या एका चौकोनाहून पातळ झाला की कोडला तो दिसतच नाही, थेंब चिकटले असं धरून पुढे जातो. शेवटी सोडलं. इथे शिकवायला लागलो. लग्नानंतर रो. ने विचारलं, तुमचाच विषय घेऊ का. माझ्याच पीएचडीच्या सरांकडे मीच नेलं तिला. तेव्हा वाटलं होतं, तिलाही...
जाऊ दे.

८ ऑगस्ट
नागपूरहून सरांचा फोन. तिला. बराच वेळ हसून बोलत होती. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सूनबाईचं जमून राहिलं म्हंते. तुयं काहून नाही जमलं रे?" टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

१० ऑगस्ट
चेन्नईच्या परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत शुक्रवारी. रो. ने सगळं काम माझ्यापुढे ठेवलं. "सरांच्या आधी तुम्ही पाहा. चूक असंल तं तुमालेच दिसंल."
कॉलेजला दांडी मारून पाहिलं. थरापाशी जाळी आपोआप बारीक होते. इतक्या पातळ थरात हवा वेगळी वागते, तेही धरलंय. वेग वाढवला की थेंब एकत्र होतात, प्रयोगात होतात तसेच. चूक नाही. कुठेच नाही.
संध्याकाळी म्हणालो, "जाळी अजून बारीक करून चालव. मला शंका आहे."
"कायची?"
"थराची."
चेहरा उतरला तिचा. पण वाद नाही घातला. लगेच संगणकावर रन लावला.
बारीक जाळीला किती दिवस लागतात, मला चांगलं माहीत आहे.

१४ ऑगस्ट
रन सुरूच. मुदत संपली, सारांश गेलाच नाही. रो. कडून वरणाची फोडणी करपली. मला हलकं वाटलं. मग त्याची किळस आली. तरी हलकं वाटलंच.

१९ ऑगस्ट
रन संपला. थेंब उसळले, अगदी तसेच. सर खूश. शोधनिबंध तपासणाऱ्यांनी पहिलं हेच विचारलं असतं म्हणे, आता कोणाला बोट ठेवायला जागा नाही. कोणी सुचवलं, सरांनी विचारलं. तिने माझं नाव सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.
"तुझी नजर अजून शाबूत आहे," सर म्हणाले.
या एका वाक्यासाठी मी तेव्हा काय काय केलं असतं. मिळालं तेही तिच्या कामावर.
"चेन्नई गेली तं गेली," रो. म्हणाली. खरंच मनातून म्हणाली का, कळलं नाही.

२१ ऑगस्ट
उद्या ती नागपूरला, निबंध पक्का करायला. जेवण झाल्यावर कपड्यांच्या घड्या करत होती.
"सर म्हणत होते, लेखकांत तुमचंबी नाव टाकू. टाकू?"
मी बॅग तिच्याकडे सरकवली.
घडी हातातच राहिली तिच्या. "एक विचारू? त्या दिवशी तुमाले खरंच शंका होती?"
आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी उलट बोलता आलं असतं. "आलोच" म्हणून बाहेरच्या खोलीत आलो आणि हे लिहीत बसलो. आत बॅगेची चेन वाजली नाही अजून. तशीच बसलेली दिसते.
"अहो." आत्ता म्हणाली. एकदाच.
उठतो.