सहा पौंडाचं लेकरू

४ जानेवारी १९५५
शाळा दुसरीपर्यंत, तरी ही वही लिहून राह्यली. लिहून ठेवलं की काम होते. वही माझी हाय, कोणी हात लावू नये.
आज सेंटरच्या नर्सबाई, सुनीतीबाई, आल्या. गावोगावच्या सुईणींचं ट्रेनिंग हाय, त्याच्यासाठी कापडाचं लेकरू पायजे. आत्ताच जन्मलेलं, खऱ्याएवढं. वीस तारखेपर्यंत. म्हटलं, वीस कायले, चार दिवसांत घेऊन जा. पंचवीस वर्षं झाली बाहुल्या करून राह्यली. अर्ध्या सिंदी गावातल्या पोरी माझ्याच बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात.

८ जानेवारी
झालं नाई. चूक कापडाची. नवं मांजरपाट कडक, लेकराचं अंग तसं नसते. नवऱ्याचं, बुढ्याचं, जुनं धोतर फाडलं. विचारलं नाई. विचारलं असतं तर तो नाई म्हणाला असता, फुकट टाईम गेला असता.
नर्सबाई मान पाहून गेल्या. म्हणे, एवढी ताठ नको, जन्मल्या लेकराची मान लोंबते. अजून लग्न नाई झालं तिचं, अन् मले शिकवून राह्यली. मान उसवली. नाळही लावा म्हणे, हातभर. म्हटलं, ते शेवटी.

११ जानेवारी, दुपार
वजन सहा पौंड पायजे, म्हणजे तीन शेर. नुसत्या कापसानं भरत नाई. पोटात अन् डोक्यात वाळूच्या पुरचुंड्या घातल्या. प्रभाकररावाच्या दुकानात नेऊन तराजूत निजवलं. तो म्हणे, तानाबाई, मोठं शहाणं हाय, रडत नाई. म्हटलं, याच्या डोक्यात वाळू तरी हाय, तुमच्या डोक्यात तेही नाई. वजन बरोबर भरलं.
येताना पदराखाली घेतलं. धूळ लागते म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारच्या कमलाच्या लेकराचं बोरन्हाण. बोलावणं होतं. गेली नाई, काम हाय. थोडं काळं कापड उरलं होतं, त्याचं झबलं शिवलं. नर्सबाईनं मागितलं नाई, पण कारागिरानं आपल्या मनानं दोन गोष्टी जास्त कराव्या.
कापड उरलं नव्हतं, आणलं. वहीत खोटं काऊन लिहावं.

१८ जानेवारी
बोटं बाकी. वीस नखं, एकेका नखाले एकेक टाका. ही फिनिशिंगची गोष्ट हाय, घाईची नाई. बुढा म्हणे, नाव ठेवलं काय. म्हटलं, येड लागलं काय तुमाले. त्याच्याशी बोलणं बंद.
परवा द्यायचंच. पक्कं.
थंडी लय हाय. गोधडीत गुंडाळून ठेवलं. वाळूले ओल धरते.

२० जानेवारी
नर्सबाई दारात. म्हटलं, उंदरानं पाय कुरतडला. दाखवा म्हणे. म्हटलं, धुवाले टाकलं. म्हणे, वाळू भरलेलं? म्हटलं, तुमी नर्स हाय का फौजदार. बाईनं ट्रेनिंग एक तारखेवर ढकललं. तिच्याच भल्याचं झालं. तोपर्यंत कापूस दबून नीट बसते.

२७ जानेवारी
विहिरीवरून आली तं बुढा लेकरू मांडीवर घेऊन बसला, अन् समोर नर्सबाई. तिले सांगून राह्यला, आमचं एकच झालं होतं, एकोणीस वर्षं झाली. नाळ गळ्याभोवती होती, निळं पडलं. सीताबाई सुईण होती, तिचा काई दोष नाई. मी म्हटलं, या जुन्या गोष्टीचा इथं काई संबंध नाई, अन् दोष तिचाच हाय. नर्सबाई उठली. चहा ठेवला होता, तसाच ठेवून गेली.
मग नाळ शिवली. पांढऱ्या सुताचा पीळ, हातभर. एका बैठकीत. टाके वाकडे आले ते उजेड कमी होता म्हणून.

३१ जानेवारी
ठरलं. उद्या नेऊन द्यायचं अन् उलटपावली यायचं. तिथं बसायचं नाई. झबलं काढून ठेवलं. पुन्हा घातलं, रस्त्यानं वारं असते.

१ फेब्रुवारी
बसली.
आठ सुईणी होत्या, समोरच सीताबाई. पार वाकली. नर्सबाईनं झबलं काढलं, घडी करून माझ्या हाती दिलं. नाळ लेकराच्या गळ्यात गुंडाळली अन् दाखवलं. नाळेखाली बोट घालायचं, सैल करायची, डोक्यावरून काढून टाकायची. बस. सुईत दोरा ओवाले जेवढा टाईम लागते, तेवढाच.
सगळ्यांनी एकेकदा केलं. सीताबाईले दोनदा नाई जमलं, तिसऱ्यांदा निघाली. मग ती लेकरू खाली ठेवेच ना. माझ्याकडे पाहून म्हणे, ताने, मले कोणी सांगतलंच नव्हतं वं.
तिले बोलाचं म्हणून एकोणीस वर्षांचं जमवून ठेवलं होतं. ते तसंच घेऊन उठली.
घरी आली. बुढा वाट पाहून राह्यला होता. म्हणे, काय शिकवलं तिथं, नाळ गळ्यात असली तर काय करतात. म्हटलं, मले समजलं नाई. लय कठीण असते म्हणे ते.