उसनी छत्री

सोमवार, ९ मार्च

प्रिय लंबू,

सलाम. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांची पाठ कुरकुरते, पण ती तू इथे असतानाही कुरकुरतच होती. तुझ्या जुन्या घरात नवे भाडेकरू आले आहेत. त्यांनी दाराला पिवळाजर्द रंग दिला आहे. मी त्या गल्लीतून जाणं बंद केलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही, म्हणून हे पत्र.

ईस्टरची तयारी सुरू झाली. काल उपासनेनंतर सभागृहात बैठक होती. पाळकसाहेबांनी बसल्या बसल्या मुद्द्यालाच हात घातला. दर ईस्टरला आपलं चर्च पाहुण्यांनी भरून जातं, जास्तीच्या खुर्च्या काढाव्या लागतात, आणि पुढच्या रविवारी त्याच खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या असतात. आलेले लोक टिकत का नाहीत?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. तुझ्याकडे स्वयंपाकघर आणि माझ्याकडे दार, ही वाटणी तूच केलेली. मी उभी राहिले आणि सांगितलं, की दारात प्रत्येकाला पांढरं फूल मिळतं, पुढच्या रांगेत जागा मिळते, निघताना भेटीची पिशवी मिळते आणि आठवड्याच्या आत छापील आभारपत्र घरी जातं. याहून जास्त काय करायचं? दत्तक घ्यायचं त्यांना?

लोक हसले. चष्मेवाली हसली नाही.

चौकातल्या दुकानात डोळे तपासते तीच. तू गाव सोडलंस त्या वर्षीच्या ईस्टरला पाहुणी म्हणून आली होती. तुझ्यामागे स्वयंपाकघर तिच्याकडे गेलं. ती तुझाच निळा एप्रन वापरते. मी एकदा म्हटलं, तुम्ही नवा शिवून घ्या, तर म्हणे, "असू दे हो बाई, याचे खिसे चांगले खोल आहेत." खिसे खोल आहेत हे मला माहीत आहे. ते मी शिवले आहेत.

तर ती उठली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका हं. पण भेटीची पिशवी दिली की विषय संपतो."

"म्हणजे?"

"तुम्ही दिलंत, मी घेतलं, थँक्यू म्हटलं, फिटंफाट. परत यायला कारणच उरत नाही."

मग तिने आपली योजना मांडली. या वर्षी भेट द्यायची नाही. उसनं द्यायचं. प्रत्येक घराने आपल्या वापरातली एक वस्तू आणायची, डबा, छत्री, पुस्तक, झाडं छाटायची कात्री, काहीही. ती एका पाहुण्याच्या हातात ठेवायची आणि सांगायचं, झालं काम की आणून द्या. तो परत द्यायला आला की त्याला रिकाम्या हाताने सोडायचं नाही. आणखी काहीतरी द्यायचं, नाहीतर त्याच्याकडून काहीतरी मागून घ्यायचं.

"आणि आणून दिलं नाही तर?" खजिनदारांनी विचारलं.

"तर एक छत्री गेली."

खजिनदारांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

मी म्हटलं, पाहुण्यांच्या गळ्यात आपलं सामान मारायचं, हा कुठला पाहुणचार? तर शांतपणे म्हणते, "पाहुणचार नव्हेच, बाई. पाहुणचार केला की माणूस पाहुणाच राहतो." आणि एवढ्यावर न थांबता टेबलावरून हात लांबवून तिने माझ्या नाकावरचा चष्मा सरळ केला. "दांडी सैल झालीय. दुकानात या, आवळून देते." सगळ्यांसमोर! मी शाळा चालवलेली बाई आहे. माझ्या चष्म्याला आजवर कुणी हात लावला नाही.

पाळकसाहेब "विचार करू" म्हणाले. म्हणजे झालंच. येताना रस्त्यात हे म्हणाले, "कल्पना चांगली आहे."

"तुम्हाला तिचा चहाही चांगला लागतो."

"चहा खरंच चांगला असतो गं."



तू ईस्टरला येशीलच. मागच्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे.

तुझी,
हेडबाई

ता. क. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे. चष्मेवाली कपाटातून कप काढता काढता बोलून गेली, "ताईंचा डोळा आता छान आहे." मला ठाऊकच असणार असं तिने धरलं होतं. मी मान हलवली. डोळा कुठला, डावा की उजवा, हे तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही.


मंगळवार, २४ मार्च

लंबू,

सलाम. पत्र मिळालं. उजवा डोळा. ठीक.

तू शनिवारी येते आहेस आणि चष्मेवालीकडे उतरते आहेस, हेही कळलं. कारणही तू एका ओळीत दिलंस, "तिने विचारलं. तू गादी उन्हात घातलीस." ऑपरेशनचं का कळवलं नाहीस याचंही उत्तर तेच, की तिने डोळ्यांचं विचारलं होतं आणि मी माझ्या कमिटीचं लिहीत होते.

मी ते पत्र टेबलावर ठेवलं, उठून भाजी चिरली, आणि पुन्हा येऊन वाचलं. अक्षर तसंच होतं.

अगं, तुला काय विचारायचं? इतकी वर्षं मागच्या दाराने आत येऊन आधी भांड्यावरची झाकणं उचलून बघणारी तू. माझ्याकडे किल्ली कुठे ठेवतात हे ह्यांना माहीत नाही, तुला माहीत आहे. निमंत्रण परक्यांना देतात, असं मला वाटत आलं. तू परकी झालीस कधी? की दोन वर्षांत तिकडे लेकीच्या घरी राहून तुला कुणीतरी विचारावंसं वाटायला लागलं, आणि ते नेमकं तिला कळलं, मला नाही?

असो. बैठकीचं सांगते, कारण त्यातही तूच आहेस.

परवा दुसरी बैठक झाली. उसनवारीवर बरीच चर्चा रंगली. मी विरोधात होते हे सांगायला नको. शेवटी पाळकसाहेबांनी चष्मेवालीला सरळ विचारलं, "आमच्याकडे टिकलेल्या पाहुण्या मोजक्याच, त्यात तुम्ही. तुम्ही का टिकलात ते सांगा."

ती म्हणाली, "बाईंनी मला दारात फूल दिलं. छान होतं, पण घरी जाईपर्यंत मान टाकली त्याने. मी पाण्याचा ग्लास शोधत स्वयंपाकघरात डोकावले, तर ताई आतून ओरडल्या, 'रिकामी आहेस ना? मग हे कप पूस.' पुसले. घरी जाऊन बघते तर माझ्या पिशवीत ते ओलं फडकं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चमधलं फडकं घेऊन आले! धुतलं, इस्त्री केली, पुढच्या रविवारी परत द्यायला आले. तर ताई म्हणतात, 'इस्त्री? फडक्याला? तुला वेळ फार दिसतोय. चल, ये इकडे.'"

अख्खं सभागृह हसलं. तुझी नक्कल तिने हुबेहूब केली, तो 'चल'वरचा जोरसुद्धा. ती नक्कल इतकी वर्षं मी करायचे.

ते फडकं तिच्या पिशवीत आपणहून चालत गेलं, असं तिला अजून वाटतं.   पण फडकं पिशवीत कसं गेलं हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

कॉलेजचा पहिला आठवडा आठवतो? वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मी एकटी बसले होते. कुणाशी बोलायची नाही, सगळ्या मुली मला शिष्ट म्हणायच्या. लख्ख ऊन पडलं होतं. तू लांब टांगा टाकत आलीस, लाकडी मुठीची काळी छत्री माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "असू दे. उद्या परत कर." मी दुसऱ्या दिवशी परत करायला आले, तर म्हणालीस, "आज नको, उद्या." त्यानंतर आपल्या दोघींचं लग्न झालं, मुलं झाली, तू विधवा झालीस, मी निवृत्त झाले. छत्री माझ्या दारामागेच आहे. मला वाटायचं, तू वेंधळी. आणि मला असंही वाटायचं, की असला वेंधळेपणा जगात कुणी फक्त माझ्यासाठीच केला.

आता कळलं, की ती तुझी पद्धत आहे. तू छत्र्या वाटत फिरतेस. मला छत्री, तिला फडकं, मध्ये आणखी किती जणींना काय काय दिलंस देव जाणे. आणि ती बया त्याची योजना करून पाळकसाहेबांपुढे मांडते, त्यावर चर्चा होते, हात वर करून मंजुरी मिळते! माझ्या आयुष्यातली एवढीशी गोष्ट आता कार्यक्रमपत्रिकेवर आली आहे. तिसऱ्या क्रमांकावर, गायनवृंदाच्या सरावाच्या खाली.

शाळेत मुली रडत माझ्या ऑफिसात यायच्या, बाई, हिने माझी मैत्रीण पळवली. मी त्यांना पाणी द्यायचे आणि सांगायचे, मैत्रीण म्हणजे काय डबा आहे कुणी पळवायला? जा, वर्गात बसा. त्या गुपचूप जायच्या. त्यातली एक तरी मागे वळून म्हणायला हवी होती, की बाई, तुम्हाला काय कळतंय?

मंजुरीच्या वेळी मी आधी हात वर केला नाही. मग मोजताना चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त काळजी होती, आणि मी केला. का, ते मला विचारू नकोस. योजना चालेल. हे मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, माझ्यावर ती चाललेली आहे.

तुझी,
हेडबाई


शनिवार, ४ एप्रिल
दुपार

प्रिय लंबू,

हे पत्र चष्मेवालीच्या हाती देते आहे. तुझी गाडी संध्याकाळी येते, तोवर मी चर्चमध्ये खुर्च्या मांडत असेन. तिने मला "तुम्हीही या ना स्टेशनवर" असं विचारलं. तिला सारखं विचारायची सवयच आहे. मी काम आहे म्हटलं. कामही होतं.

उसनं द्यायच्या वस्तू सकाळी सभागृहात गोळा झाल्या. काय काय आणलं आहे लोकांनी! विणायच्या सुया, इस्त्री, बुद्धिबळाचा पट, एकाने तर शिडी. खजिनदारांनी आपली स्वतःची नवी बॅटरी आणली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली, 'आठ दिवसांत परत करावी', ती चष्मेवालीने हळूच काढली. मी माझं नकाशांचं मोठं पुस्तक दिलं. ज्याला मिळेल त्याचा परत आणताना खांदा मोडेल, पण शाळेतल्या बाईचं पुस्तक बुडवायची कुणाची छाती होत नाही.

घरून निघताना एक प्रकार घडला. ह्यांना वाटलं आपणही हातभार लावावा. दारामागची छत्री घेऊन निघाले, "ही कुणीच वापरत नाही, ही देऊन टाकू." मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. इतक्या जोरात, की तेही दचकले आणि मीही.

"अगं, जुनी आहे."

"माझी नाही ती," मी म्हटलं. "उसनी आहे."

 मग त्यांनी ती स्वतःच परत दारामागे अडकवली आणि एवढंच म्हणाले, "तिला विचार की गं एकदा, बाई. काय झिजेल तुझं?"

काय झिजेल ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी आजवर दारात उभी राहून शेकडो लोकांना या म्हटलं, आणि कुणी आलं नाही तर माझं काही बिघडणार नव्हतं, म्हणून म्हणू शकले. तुला विचारायचं आणि तू नको म्हणायचंस, याची मला तयारी नाही.

चष्मेवाली आत्ता बाहेर उभी आहे, पत्र संपायची वाट बघत. मघाशी तिने न विचारता माझ्या चष्म्याची दांडी आवळून दिली. छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो तिच्या खिशात. त्या खोल खिशात. हात हलका आहे तिचा. तुझं तिच्याशी का जमतं ते मला कळतं, आणि कळलं म्हणून काही कमी होत नाही.

तर विचारते. उद्याचा ईस्टर होऊ दे, कप पुसून होऊ देत, पाहुणे आपापली उसनी शिडी घेऊन घरी जाऊ देत. सोमवारी माझ्याकडे येशील का? राहायला. दोन दिवस, चार दिवस, तुझी लेक म्हणेल तितके. एकटी ये. चष्मेवालीला मी बुधवारी जेवायला बोलावलं आहे, तिच्या वाट्याचं तिला तेव्हा मिळेल. सोमवार तिला द्यायचा नाही.

मागच्या दाराने ये. छत्री दारामागे आहे. हवी तर उघडून बघ, काड्या सगळ्या शाबूत आहेत, कापड मी दोनदा बदललं. पण नेऊ नकोस. परत मागू नकोस. तूच 'उद्या' म्हणाली होतीस ना? उद्याच देईन.

उत्तर लिहून पाठवू नकोस, माझ्याने ते वाचवणार नाही. सोमवारी सकाळी कडी काढून ठेवते.

वाट पाहणारी,
तुझी पहिली,
हेडबाई