माझ्या उजव्या कोपराची व्यवस्था

मी, काळुराम केरू घरत, वय अडुसष्ट, राहणार वरसे, तालुका रोहा, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागातही हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; आणायची घरात कोणाची हिंमतही नाही.

१. वरसे येथील राहते घर पत्नी चंद्रावती हिचे. तिच्या पश्चात मुलगा हर्षद याचे. ती असेपर्यंत त्याने विकायचा विषयही काढू नये.

२. मी प्रथम श्रेणीचे अकरा सामने खेळलो, ऑफस्पिनवर सदतीस बळी घेतले. संघाची टोपी व स्वेटर नात मृणाली हिला. मुलीला कशाला, असे हर्षदने विचारू नये. तिच्याइतका चेंडू त्याला जन्मात वळवता आला नाही.

३. शेवटच्या सामन्यात, १९५६ साली, एका पंचाने माझे चार चेंडू फेकी ठरवून नो-बॉल दिले. निवड समिती म्हणाली, हात सरळ करून या. माझा हात सरळ होतच नाही. नवव्या वर्षी पेणच्या खाडीकाठी मिठागराच्या बांधावरून पडून कोपर मोडले. हाडवैद्याने महिन्याने पट्टी सोडायला सांगितले होते. आई हौसाने ती तीन महिने ठेवली. सोडली की पोरगा पुन्हा मिठात धावेल, ही तिची धास्ती. तिचे चुकले, पण तिच्यावर राग नाही. चेंडू सोडताना वाकलेले कोपर सरळ केले, तर ती फेकी. मग जो हात सरळच होत नाही, तो चेंडू फेकणार कसा? ते पंच आता हयात नाहीत. तरी त्यांना माफी नाही.

४. म्हणून माझा देह जाळू नये. वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यांनी आधी उजवे कोपर तपासून लेखी अहवाल द्यावा, ही अट. हर्षद म्हणतो, लोक काय म्हणतील? लोक चाळीस वर्षे म्हणतच आहेत. चंद्रावती म्हणाली, "जित्तेपनी हाडाचा येक फोटू काढून दाखवला नाय, आता मेल्यावर कशाला?" मी म्हटले, "आरोप त्यांनी केला, पुरावा मी का देऊ गो? हात घेऊन कोनाच्या दारात जायाचा नाय." ती रडली. मलाही वाईट वाटले. कलम मात्र बदलणार नाही.

५. अहवाल जसा असेल तसा, माझ्याविरुद्ध असला तरी, मृणालीने दहाव्याला सर्वांसमोर वाचावा. पिंडाला कावळा शिवला नाही, तर हर्षदने भलतीसलती वचने देत बसू नये. तिला तोच कागद पुन्हा, आणखी मोठ्याने वाचायला सांगावे.

खालील दोघांदेखत सही केली. दोघांनाही यातले काही मिळणार नाही.

काळुराम केरू घरत

साक्षीदार:
१. डॉ. दत्तात्रेय विष्णू शेडगे, रोहा
२. मोरू सखा म्हात्रे, गडब

रोहा, १७ नोव्हेंबर १९९६