अप्पांची कॅसेट

तेनकाशी, १० ऑगस्ट १९९८

अम्मा, वडिवूचा नमस्कार. गुडघा कसा आहे?

आज शाळा झाली, कपडे धुतले. जेवण वेळेवर होतं.

इथल्या देवळात अप्पांच्या जागी स्तोत्रं गायला आता दुसरे ओदुवार नाहीत. अप्पांनी घरी भरलेली कॅसेटच लावतात. ते जाऊन तीन महिने झाले, तरी रोज सकाळी गातात. मध्येच म्हणतात, "वडिवू, पाणी आण गं." मग पावलं वाजतात, पेला ठेवल्याचा आवाज येतो. म्हाताऱ्या त्यालाही हात जोडतात.

पुजारी हसले. "टीचर, देवासमोर तुम्हालाच कामाला लावतात की! तेवढं कापू का?"

मी नको म्हटलं.

पण ती कॅसेट भरली त्या वर्षी मी वसतिगृहात होते, तू माहेरी. अप्पा घरात एकटेच होते ना?

आज तीच हाक इथे खोलीत आली; कॅसेट देवळात होती, मी एकटी होते. उठले आणि पेला भरून ठेवला.

तुझी वडिवू