चाळीसावं नाव

१९ डिसें.
सकाळी साडेसहा. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत पांढरं, दव गोठलंय. पायाखाली करकर.
बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं त हरभऱ्याले पाणी तरी दे." उत्तर तोंडात आलं होतं, गिळलं. सरांना उत्तर दिलं त्यातच दुसरं वर्ष अर्धवट राहिलं. आता देऊळघाटचं शिवार आणि मी.
कॉलेजातल्या वैष्णवीनं मैत्रिणीच्या फोनवरून सांगितलं : प्रोजेक्टला हिवाळ्यातले पक्षी आणि झाडं, चाळीस नावं पाहिजेत. घरचे तिला परीक्षेपुरतंच बाहेर सोडतात. तिचा फोन भाऊ रोज तपासतो. म्हणून यादीशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.
आज सहा. होला, कोतवाल, वेडा राघू, बाभूळ, रुई, बोर.

२१ डिसें.
बाभळीवर खाटीक पक्षी. नाकतोडा काट्याला टोचून ठेवलेला, पाय हलत होते अजून. बघत राहिलो. पाणी बांधाबाहेर गेलं, शिव्या खाल्ल्या.
यादी पाठवली. उत्तर : "ओके." दहा वेळा उघडून पाहिलं.

२४ डिसें.
चौतीस झाले. गाढव मी, फार पटापट केलं. चाळीस झाले की बोलणं बंद. आणि जानेवारीत तिला पाहायला वाशिमकडचे लोक येणार. आता रोज एकच.
पाणंदीत गोलू भेटला. "काऊन बे, पाखरं मोजून राह्यला? पगार भेटते का?" कॉलर धरली त्याची. मग सोडली, लहानपणापासूनचा दोस्त आहे. "सोड ना लेका, शर्ट नवा हाय" म्हणाला.

२७ डिसें.
धुवारी. दहा फुटांवरचं दिसेना. तरी गेलो.
तिचा मेसेज : "परीट न् धोबी एकच पक्षी आहे. दोनदा लिहिला. एक कमी कर."
खरंच. आम्ही धोबी म्हणतो, परीट पुस्तकातला. सदतीसचे छत्तीस झाले. एक दिवस वाढला! आईनं विचारलं, "काऊन हासून राह्यला? नोकरी लागली का?"

३० डिसें.
थंडी जबर. तुरीचे शेंडे करपले. पळस उघडा. एकोणचाळीस.

१ जाने.
तारेवर कापशी घार बसलेली. पांढरी, डोळे लाल. पाहिली आणि मान खाली घातली. नाही लिहिणार. घरी येऊन ताट ढकललं. आईनं ते तसंच झाकून ठेवलं, ते जास्त लागलं.

२ जाने.
उद्या तिला प्रोजेक्ट द्यायचं आहे. माझं वर्ष तर गेलंच, तिचं कशाला घालवू. सात वाजता पाठवलं : ४०. कापशी घार.
फोन घरी वळचणीला ठेवून दिवसभर हरभऱ्यात.
संध्याकाळी उत्तर : "टिटवी दोनदा लिहिली. एक कमी कर. तारीख आठ दिवस पुढं गेली. अजून एक पाहिजे."
दोनदा नाही लिहिली. एक लाल टिटवी, नाल्याजवळची. दुसरी पिवळी, माळावरची. दोन्ही वेगळ्या. हे मला सांगितलं कोणी? तिनंच. पहिल्या वर्षी, कॉलेजमागच्या माळावर, माझी मान दोन्ही हातांनी वळवून. "नीट पाह्य ना बे, चोचीपाशी!"
तिला कसं चुकेल?
की घाईत वाचलं? की भावानंच टाइप केलं?
वेगळ्या आहेत, असं लिहिलं. खोडलं.
"बरं. शोधतो."